सासूबाईंची रेघ आणि पद्मिनीची नेपाळवारी



नोव्हेंबर २०२४ मध्ये आमची चाळीस वर्षांची पद्मिनी गाडी नेपाळला जाऊन आली. गेली ती गाडी आणि आमचे हे. मी गेले तासभर, तेही जकातीच्या रांगेत उभी राहायला. सासूबाई गेल्याच नाहीत. मंदिरात भेटणाऱ्या प्रत्येकीचा एकच प्रश्न असतो, "अगं, एवढं सगळं तूच जुळवलंस ना? मग तूच कशी नाही गेलीस?" दर वेळी अर्धेच उत्तर देते. आज पूर्ण सांगते.

आधी गाडीविषयी. मामंजींनी ही पद्मिनी १९८४ साली घेतली. तेव्हा पैसे भरून नंबर लागायची वाट पाहावी लागे. गिअर हँडलजवळ, सीट रेक्झीनची. पुतण्याला मध्यंतरी सीटवर चामडे चढवायची हौस आली होती. मी म्हटले, मग मी त्या गाडीत बसणार नाही. विषय तिथेच मिटला.

ही गाडी आपल्याच समाजाच्या माणसाने उभारलेल्या कारखान्यातली, हे किती जणींना माहीत आहे? सोलापूरच्या जैन घराण्यातले वालचंद हिराचंद, जन्म १८८२. १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. बंगळूरचा विमानाचा कारखाना त्यांनीच सुरू केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागली आणि तिचेच नाव १९७४ पासून पद्मिनी झाले. मामंजी हे सगळे पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवायचे. आता हे ऐकवतात.

यांची आणि जुन्या गाड्या जपणाऱ्या सात-आठ जणांची एक मंडळी आहे. बुलढाणा, चिखली, खामगाव, अकोला इथली. स्वतःला क्लब म्हणवतात. नोंदणी नाही, वर्गणी नाही, फक्त रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभे राहणे. २०२३ मध्ये अहमदाबादचे एक कुटुंब १९५० ची एमजी गाडी घेऊन थेट इंग्लंडला, ती गाडी जिथे बनली त्या अबिंग्डन गावी जाऊन आले. आजोबा, मुलगा, नात, सगळे. ती बातमी पुतण्याने सगळ्यांच्या फोनवर पाठवली आणि क्लबाला परदेश चढला.

दूरच्या देशांत गाडी न्यायची तर कार्नेट नावाचा जकातीचा कागद लागतो. त्यासाठी मोठी हमी ठेवावी लागते, म्हणून ते लगेच बारगळले. नेपाळला ते काही लागत नाही. सरहद्दीवर 'भन्सार' म्हणजे जकात भरायची, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांची, आणि गाडी आत. पुतण्या म्हणाला, "काकू, वीकेंडला नेपाळ!" वीकेंड दोन दिवसांचा, पण बुलढाण्याहून सोनौली जवळजवळ चौदाशे किलोमीटर. म्हणजे दोन दिवसांच्या वीकेंडला आठ-दहा दिवसांची शेपटी.

पुरुषांनी ठरवलेली पहिली तारीख १५ ऑगस्टची. का, तर जोडून सुट्ट्या. मी विचारले, चातुर्मासात? पर्युषण तोंडावर असताना? पावसाळ्यात रस्त्यावर जीवजंतूंची केवढी दाटी असते. मुनिमहाराज एका जागी थांबतात आणि आपण हौसेसाठी तीन हजार किलोमीटर चाके फिरवायची? यावर कोणी बोलले नाही. मग मीच वही घेतली. कार्तिकी अष्टान्हिका १५ नोव्हेंबरला संपत होती. २० ला विधानसभेचे मतदान, २३ ला निकाल. २५ तारखेचा सोमवार धरला. बोटावरची शाई घेऊनच निघालो.

सासूबाईंना न्यायचेच, असे यांच्या मनात होते. बाबा गेल्यापासून आई त्या गाडीत लांब कुठे बसलेल्याच नाहीत. मला आधी हे सोपे वाटले. मग आईंच्या दिग्व्रताची आठवण झाली.

वीस वर्षांपूर्वी कारंज्याला, एका आर्यिका माताजींसमोर, आईंनी बारा व्रते घेतली. दिग्व्रतात दिशांची मर्यादा घालून घ्यायची. आपल्या ओळखीच्या खुणा धरून, म्हणजे नदी, डोंगर, गाव. आईंनी आयुष्यात पाहिलेली किंवा पाहायची राहिलेली तीर्थेच खुणा केली. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर. वर पारसनाथचा डोंगर, म्हणून त्या विमानात बसत नाहीत. खाली घरच्या विहिरीचा तळ.

पुतण्याने फोनवर नकाशा काढला, चारही गावांतून रेघा ओढल्या आणि ओरडलाच, "आजी, काठमांडू आत येतं!" खरेच येत होते. हस्तिनापूर काठमांडूपेक्षा उत्तरेला आहे आणि शिखरजी पूर्वेला. लुंबिनी तर आणखीच आत. घरात आनंदीआनंद झाला. आई मात्र गप्प. रात्री सामायिकानंतर मला म्हणाल्या, "सूनबाई, चार गावं मले पक्की आठवतात. पन 'देशाच्या बाहेर नाही' असं बोलले होते का नव्हते, तेच आठवत नाही."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण दिग्व्रताच्या पाच अतिचारांतला एक हाच आहे, घातलेली मर्यादा विसरणे, स्मृत्यंतराधान. बाकीचे चार म्हणजे वर, खाली आणि तिरकी मर्यादा ओलांडणे आणि क्षेत्रवृद्धी. यांनी त्या क्षेत्रवृद्धीलाच हात घातला होता. "आई, तू गिरनारला काही जाणार नाहीस पुन्हा. तिकडचं उरलेलं अंतर इकडे धर." अगदी हेच करायचे नाही म्हणून तर तो अतिचार सांगितला आहे. पाठशाळेत आपण हे पाठ करतो तेव्हा वाटते, असे कोण करतं? घरोघरी करतात, आणि प्रेमाने करतात.

विसर पडला तर काय करायचे याचाही दाखला आचार्यांनी दिलेला आहे. शंभर योजने म्हटले होते की पन्नास, हे आठवत नसेल तर पन्नासच धरावीत. आईंनी पन्नास धरली. "मी गोरखपूरपर्यंत येते. अयोध्या होईल, काकंदी होईल. तुमी लोक जाऊन या." यांचा चेहरा पडला. दोन दिवस मायलेकांत बोलणे नव्हते.

त्यातून आणखी एक गाठ निघाली. मामंजी गेल्यावर फॉर्म ३१ भरून गाडी आईंच्या नावावर झाली होती. भन्सारला आरसी मूळ लागते. मालक गाडीत नसेल तर त्याचे संमतिपत्र जवळ असलेले बरे. ते लिहायला मी आईंसमोर कागद ठेवला, तर त्यांनी पेन खाली ठेवले. आपण जात नाही आणि आपली वस्तू पाठवायची, हे त्यांना पटेना. माणूस पाठवून काम करून घेण्याचा अतिचार खरे तर देशव्रतात येतो, तसे मी म्हटलेही. त्या म्हणाल्या, "नाव कोनत्या का व्रताचं असेना. गाडी त्याच्या नावावर कर. मले तेवढा परिग्रह कमी." आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, इन्शुरन्स, पीयूसी, यात तीन आठवडे गेले. ज्या दिवशी यांच्या नावाची आरसी आली, त्या दिवशी आईंनी मामंजींच्या फोटोजवळ थोडा वेळ बसून घेतले. मी काही विचारले नाही.

आता तयारी. हे खास तुमच्यासाठी लिहिते, कारण पुरुषांच्या यादीत स्पार्क प्लग, फॅन बेल्ट, टायर-ट्यूब, इंजिन ऑइल एवढेच होते. अकरा माणसे काय खाणार, कुठे झोपणार, पाच बायका कुठे उतरणार, हे कोणाच्या यादीत नव्हते.

मुक्काम मी सूर्य धरून लावले. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, पण गोरखपूर पूर्वेला, तिथे पाच वाजून पाच-सात मिनिटांतच. म्हणजे चारला गाडी थांबलीच पाहिजे. चार गाड्यांत दोनच कुटुंबे जैन, बाकीच्यांनी कुरकुर केली. एक जण म्हणालाही, "वहिनी, ही सहल आहे की शाळा?" मी म्हटले, तुमच्या अँबेसेडरचे दिवे पाहिलेत का, मिणमिणते? अंधारात ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार तरी का? दुसऱ्या दिवसापासून कुरकुर थांबली.

आणखी एक हट्ट केला. समृद्धी महामार्गाने जायचे नाही. मेहकरवरून चढले की नागपूर जवळ पडते, मान्य. पण १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ बस जळून पंचवीस माणसे गेली, ती आपल्याच जिल्ह्यात. तिथे सगळे ताशी शंभर-सव्वाशेने सुटलेले असतात आणि आमच्या गाड्या पन्नासने. खामगाव, अकोला, अमरावती असा जुना रस्ता धरला.

पीठ हा मोठा प्रश्न. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवस. सोमवारी पहाटे दळलेले रविवारपर्यंत चालेल, पुढे नाही. तसा हिशेब करून गहू वेगळे, पीठ वेगळे डब्यात. दशम्या पहिल्या दिवसापुरत्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, डाळ-तांदूळ, छोटा गॅस, पाणी गाळायला दोन छन्ने. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. नेपाळसाठी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, आधार चालत नाही. तिकडे तेव्हा आपल्या शंभरच्या वरच्या नोटा चालत नव्हत्या, म्हणून मी महिनाभर भाजीवाल्या, दूधवाल्याकडून शंभराच्या नोटा जमवल्या.

पहिला मुक्काम रामटेकला शांतिनाथांच्या चरणी, दुसरा जबलपूरला पिसनहारीच्या मढियात, तिसरा प्रयागराज, चौथा अयोध्या. प्रवास लांबून वाटतो तसा सुंदर काही नव्हता. सिवनीच्या अलीकडे आमचाच फॅन बेल्ट तुटला. नवा बेल्ट डिकीत होता, पण पिठाच्या डब्यांखाली. अख्खे स्वयंपाकघर रस्त्याच्या कडेला उतरवावे लागले आणि जाणारी-येणारी वाहने थांबून विचारू लागली, काय विकता? रीवाच्या पुढे सोहागी घाट उतरताना ब्रेक तापले, जळका वास आला, अर्धा तास सावलीत थांबलो. आई मागच्या सीटवर जपमाळ घेऊन शांत. मामंजी गाडी चालवायचे तेव्हाही त्या अशाच बसायच्या, असे हे म्हणतात.

अयोध्येला रायगंजच्या मंदिरात एकतीस फुटी ऋषभदेव भगवानांसमोर उभे राहिल्यावर आई रडल्या. पाच तीर्थंकरांचे जन्मस्थान. "एवढ्यासाठीच आले मी," म्हणाल्या. मला वाटले, झाले, आता इथून परत फिरलो तरी चालेल. पण तसे नव्हते. मला पुढे जायचे होते. हे मी आजवर कोणाला बोलले नाही.

माझा पासपोर्ट २०१९ चा आहे. कोरा. मुलीकडे जायचे म्हणून काढला, मग कोरोना आला, मग ते राहूनच गेले. या सहलीची वही मी भरली, नोटा मी जमवल्या, भन्सारची माहिती चार ठिकाणी विचारून मी काढली. आणि गोरखपूरला आईंसोबत कोणी राहायचे, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोणी म्हटले नाही, पण पाहिले. आई म्हणाल्या, "मी एकटी राहीन लॉजवर. दोन दिवसांचं काय ते." शहात्तर वर्षांचे वय, अनोळखी गाव, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, बीपीची गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर. मी राहते म्हटले. म्हटले खरे, पण त्या रात्री मी यांच्याशी धड बोलले नाही.

शनिवारी ३० तारखेला सकाळी सगळेच सोनौलीला गेलो. आम्हा दोघींना भाड्याची गाडी परत आणणार होती. सरहद्द म्हणजे काही मोठे असेल असे वाटले होते. प्रत्यक्षात एक गजबजलेला बाजार, ट्रकांची रांग, कमान, आणि डोक्यावर बोचकी घेऊन इकडून तिकडे चालत जाणारी माणसे. आई कमानीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बाकावर बसल्या, घरची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन.

भन्सारचे ऑफिस पलीकडे, बेलहियाला. कागद सगळे माझ्या पिशवीत, कुठला कोणाचा ते मलाच ठाऊक. म्हणून मी गेले. चालतच. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे, एवढाच परदेश. चारही गाड्यांचे कागद करून घेतले. शनिवार-रविवार दोनच दिवस होते, पण मी तीन दिवसांचे पैसे भरले. हे म्हणाले, उगाच. मी म्हटले, चाळीस वर्षांच्या गाड्या आहेत, उगाच नाही. मुदत संपून गाडी आत राहिली तर दंड बसतो.

काम झाल्यावर यांनी पद्मिनीचे पुढचे दार उघडले आणि नुसते माझ्याकडे पाहिले. आत्ता बसले असते तर कोणी काही बोलले नसते. पुतण्याची बायको म्हणालीही, "काकू, मी थांबते आजींजवळ." तिची पहिलीच सहल, हातात अजून हळदीचा रंग. मी दार लावले आणि मागे फिरले. मन फिरले नव्हते, पाय फिरले.

आईंनी मला एकटीला येताना पाहिले. त्या खूश होतील असे वाटले होते. त्या रागावल्या. "तू जायला पाहिजे होतं. व्रत माह्यं हाय, तुह्यं नाही. माह्या रेघेत तुले कोनं बांधलं?" मी म्हटले, तुम्हाला एकटीला सोडून? तर म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना राहीन म्हनून. माह्यावर भरोसा नव्हता तुले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. गोरखपूरपर्यंत दोघीही खिडकीबाहेर पाहत आलो.

रविवारी काकंदीला गेलो, देवरिया जिल्ह्यात, खुखुंदू म्हणतात तिथे. नववे तीर्थंकर पुष्पदंत भगवानांचे जन्मस्थान. शांत जागा. आईंनी अभिषेक पाहिला, मला बाजूला बसवले, आणि परतताना स्वतःहून मामंजींची एक गोष्ट सांगितली. गाडी आली त्या आठवड्यात ते त्यांना घेऊन लोणारला गेले होते, पण सरोवरापर्यंत खाली उतरायला वेळ उरला नाही. "आता तर व्रतामुळं उतरता येत नाही. विहिरीचा तळ म्हनून बसले मी. लोणार आठवलंच नाही तेव्हा." आणि हसल्या. आम्ही दोघी खूप हसलो.

त्या संध्याकाळी गाड्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. फोन आला. शनिवारी लुंबिनी पाहून, बुटवलवरून दरडींसाठी बदनाम असलेला तो घाट चढून मंडळी तानसेनला राहिली होती. पद्मिनी तिन्ही वेळा पाणी पिऊन का होईना, चढली. परतताना बुटवलला अँबेसेडरची क्लच प्लेट गेली. शनिवारी तिकडे साप्ताहिक सुट्टी, रविवारी दुकाने उघडी, म्हणून मेकॅनिक तरी मिळाला. सोमवारी दुपारी सगळे आले. तिसऱ्या दिवसाचे पैसे भरल्याबद्दल यांनी चकार शब्द काढला नाही, पण अँबेसेडरवाल्यांनी मला नमस्कार केला.

पिठाची मर्यादा रविवारी संपली होती. सोमवारी सकाळी मी गोरखपूरच्या एका गिरणीत गव्हाचा डबा घेऊन गेले, आधीचे पीठ झाडून घ्यायला सांगितले आणि समोर उभे राहून दळून आणले. परतीचे सहा दिवस त्यावर निघाले.

यांनी तानसेनहून एक ढाका शाल आणली होती. त्या गावाचे तेच नावाजलेले. आईंनी आधीच बजावले होते, माझ्यासाठी तिकडून काही आणायचे नाही, म्हणून ती माझ्यासाठी. आईंनी कापड बोटांनी चाचपून पाहिले आणि विण चांगली आहे म्हणाल्या.

त्याच रात्री लॉजच्या खोलीत त्यांनी मला सहलीची वही मागितली. म्हणाल्या, मागचे पान उघड आणि मी सांगते तसे लिही. पूर्वेला शिखरजी. पश्चिमेला गिरनार. दक्षिणेला श्रवणबेळगोळ. उत्तरेला हस्तिनापूर. वर पारसनाथ, खाली विहिरीचा तळ. मी लिहिले. मग थांबून म्हणाल्या, "आनि देशाच्या बाहेर नाही. हे आता लिहून ठेव, म्हंजे पुन्हा शंका नको." मी तेही लिहिले आणि खाली त्यांनी सही केली.

वही मिटत होते तर म्हणाल्या, "पुढच्या वेळी मले घरीच ठेवजो. जाऊबाई हाय ना तुही. तुह्या पासपोर्टची मुदत कधी संपते?"

२०२९, मी म्हटले.